ओव्हरक्लॉक केल्यावर मंदावलेला संगणक: टर्बो थ्रॉटलिंगच्या एका प्रकरणाचा अभ्यास

या प्रकरणातला संगणक नागपुरातल्या एका इंटिरियर डिझाइन कार्यालयातला आहे. घर सजवून होण्याआधी ते कसे दिसेल हे ग्राहकाला दाखवता यावे म्हणून तिथे थ्रीडीएस मॅक्समध्ये दृश्ये रचली जातात आणि कोरोना या रेंडररवर त्यांची चित्रे काढली जातात. कोरोना आपले मुख्य गणित ग्राफिक्स कार्डावर नव्हे, तर प्रोसेसरवर करतो, त्यामुळे एक चित्र तयार व्हायला किती वेळ लागेल हे जवळजवळ सर्वस्वी प्रोसेसरच्या वेगावर ठरते. संगणकात इंटेलचा कोअर आय७-१०७००के हा प्रोसेसर, झेड४९० चिपसेटचा मध्यम किमतीचा मदरबोर्ड आणि २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर होता. कार्यालयाच्या मालकांनी इंटरनेटवरचे मार्गदर्शन वाचून प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवला होता: सर्व आठ कोअरचा मल्टिप्लायर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याची पट, ५० वर नेऊन ५ गिगाहर्ट्झचा वेग ठेवला होता, आणि त्यासाठी १.३५ व्होल्ट हे स्थिर व्होल्टेज निवडले होते.

त्यांची तक्रार अशी होती की ओव्हरक्लॉक केल्यापासून छोटी चित्रे लवकर होतात, पण मोठ्या चित्रांना पूर्वीपेक्षाही जास्त वेळ लागतो. शिवाय दुपारच्या वेळी मधूनमधून माउसचा बाणदेखील अडखळतो. त्यांनी थर्मल पेस्ट बदलून पाहिली होती. जुना टॉवर कूलर काढून लिक्विड कूलर बसवला होता, तोही याच तक्रारीवरचा उपाय म्हणून. मात्र तो बसवल्यावर प्रोसेसरचे तापमान कमी झाले, तक्रार कमी झाली नाही. उलट बाण अडखळणे तेव्हापासूनच सुरू झाले. या तपशिलाकडे त्या वेळी कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला तोच सर्वांत मोलाचा धागा होता.

थ्रॉटलिंग, म्हणजे प्रोसेसरने आपला वेग आपणच घटवणे, म्हटले की बहुतेकांच्या मनात तापमान येते. प्रोसेसर तापला म्हणून मंदावला, एवढेच कारण गृहीत धरले जाते आणि उपचार कूलरपासून सुरू होऊन कूलरपाशीच संपतो. प्रत्यक्षात इंटेलचा प्रोसेसर प्रत्येक क्षणी अनेक मर्यादा एकाच वेळी तपासत असतो आणि त्यांतली जी सर्वांत आधी आड येते तिच्यानुसार मल्टिप्लायर खाली आणतो. तापमान ही त्यांतली एक मर्यादा झाली. दीर्घकाळची वीजमर्यादा, अल्पकाळची वीजमर्यादा, विद्युतप्रवाहाची मर्यादा आणि मदरबोर्डवरच्या व्होल्टेज नियामकाकडून, म्हणजे व्हीआरएमकडून, आलेला इशारा या बाकीच्या मर्यादा तितक्याच समर्थ असतात. एक मर्यादा उठवली की तिच्यामागे दडलेली पुढची समोर येते. म्हणून एखादा उपाय केल्यावर लक्षण तसेच राहिले तर तो उपाय चुकीचा होता असा निष्कर्ष निघत नाही, आणि लक्षण बदलले तर नवा बिघाड झाला असाही निघत नाही.

या प्रोसेसरच्या बाबतीत इंटेलने ठरवलेले आकडे सुरुवातीलाच समोर ठेवावे लागतात. २०२० साली आलेल्या या आठ कोअर आणि सोळा थ्रेडच्या प्रोसेसरचा मूळ वेग ३.८ गिगाहर्ट्झ, सर्व कोअर कामात असतानाचा टर्बो, म्हणजे आपोआप वाढवलेला, वेग ४.७ गिगाहर्ट्झ आणि एकट्या कोअरचा कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झ आहे. दीर्घकाळची वीजमर्यादा, जिला बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांच्या प्रोग्रॅममध्ये, पीएल१ म्हणतात, ती १२५ वॅट आहे. अल्पकाळची पीएल२ ही २२९ वॅट आहे. आणि या दोहोंना जोडणारा टाऊ हा कालांक ५६ सेकंदांचा आहे. कोअरचे कमाल तापमान १०० अंश सेल्सिअस आहे. ठरवलेल्या वीजमर्यादेपेक्षा जास्त वीज थोडा वेळ घेऊ देण्याची ही पद्धत इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत टर्बो बूस्ट २.० सोबत आणली, आणि डेस्कटॉपवरच्या थ्रॉटलिंगच्या निम्म्याहून अधिक गैरसमजांचे मूळ मला याच पद्धतीत दिसते.

तपासाची मांडणी

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी नोंद घ्यायची, हा नियम इथे कटाक्षाने पाळला. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममधून दर सेकंदाला फाइलमध्ये नोंद होईल अशी व्यवस्था केली आणि त्यात प्रत्येक कोअरचा वेग, प्रत्यक्ष परिणामकारक वेग, कोअरचे तापमान, प्रोसेसरची एकूण वीज, कोअरचे व्होल्टेज आणि मदरबोर्डवरचा मॉसफेटचा, म्हणजे व्हीआरएममधल्या वीज हाताळणाऱ्या ट्रान्झिस्टरचा, तापमान संवेदक एवढे रकाने ठेवले. परिणामकारक वेगाचा रकाना मुद्दाम घेतला, कारण काही प्रकारच्या थ्रॉटलिंगमध्ये मल्टिप्लायर वर असल्याचे दिसते, पण घड्याळाचे ठोके मधूनमधून गाळले जातात आणि मग दाखवलेला वेग व केलेले काम यांचा मेळ बसत नाही. जोडीला थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममधली मर्यादांची खिडकी उघडी ठेवली. त्या खिडकीत या क्षणी लागू असलेली मर्यादा लाल दिसते आणि मागे केव्हातरी लागू होऊन गेलेली मर्यादा पिवळी राहते. प्रोसेसरच्या आतल्या एका रजिस्टरमध्ये ही कारणे स्वतः प्रोसेसरच नोंदवत असतो. म्हणजे वेग का घटवला याचे उत्तर यंत्र देतच असते, ते वाचण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

भार म्हणून कार्यालयातलेच एक मोठे दृश्य निवडले आणि तुलनेसाठी सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी घेतली. एका मिनिटात संपणाऱ्या चाचणीचा इथे काहीच उपयोग नव्हता, कारण पहिल्या मिनिटात हा संगणक अगदी निरोगी दिसत होता. खोलीचे तापमानही दर वेळी लिहून ठेवले. नागपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, सकाळ आणि दुपार यांत खोलीच्या तापमानातही मोठा फरक पडतो, आणि कोणताही हवेने किंवा पाण्याने चालणारा कूलर खोलीच्या तापमानाच्या वरच किती अंश राहायचे एवढेच ठरवू शकतो. सकाळी उत्तीर्ण झालेली चाचणी दुपारचे काहीच सांगत नाही.

पहिली घसरण आणि तिचे सरळ कारण

नोंदीच्या आलेखात तीन वेगळ्या आकाराच्या घसरणी दिसल्या, आणि तपास पुढे सरकला तो आकारांतल्या या फरकामुळेच.

पहिली घसरण रेंडर सुरू होताक्षणीच होती. वेग ५.० वरून ४.८ गिगाहर्ट्झवर येत होता आणि तिथे ठाम राहत होता. या वेळी मर्यादांच्या खिडकीत वीज, प्रवाह किंवा तापमान यांपैकी काहीही पेटलेले नव्हते. हे थ्रॉटलिंग नव्हतेच. बायॉसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट नावाची सेटिंग दोनवर होती, म्हणजे एव्हीएक्स प्रकारच्या, एका फटक्यात अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या सूचना चालू असताना मल्टिप्लायर दोन पायऱ्या खाली आणावा असा स्पष्ट आदेश प्रोसेसरला दिलेला होता. कोरोना ज्या एम्ब्री लायब्ररीचा आधार घेतो ती या सूचना भरपूर वापरते, त्यामुळे रेंडर करताना हा संगणक ५ गिगाहर्ट्झवर कधी चाललाच नव्हता. ब्राउझर उघडताना मात्र चालत होता. ओव्हरक्लॉक ज्या कामासाठी केला, त्या कामात तो लागू आहे की नाही, हे आधी पाहायला हवे. ऑफसेट ही चूक नव्हे, पण तिला थ्रॉटलिंग समजून तिच्यामागे धावण्यात वेळ फुकट जातो.

दुसरी घसरण मात्र खरी होती. सुमारे ५० सेकंदांनंतर वेग एकदम ४.८ वरून ३.० ते ३.२ गिगाहर्ट्झच्या दरम्यान येत होता आणि पीएल१ हा शब्द लाल होत होता. वीज २०० वॅटच्या आसपास होती, ती बरोबर १२५ वर येऊन थांबत होती. कोअरचे तापमान या क्षणी झपाट्याने कमी होत होते, आणि म्हणूनच मालकांना वाटत होते की प्रोसेसर थंड आहे तरी मंदावतो आहे. त्यांचे निरीक्षण अचूक होते. तापमान कमी होते याचे कारण विजेवर आलेला लगाम हेच होते.

इथे टाऊ या कालांकाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तो स्टॉपवॉच नव्हे. प्रोसेसर ५६ सेकंद मोजून पीएल२ बंद करत नाही. तो विजेची भारित सरासरी सतत काढत असतो, अलीकडच्या क्षणांना अधिक वजन देतो, आणि ती सरासरी १२५ वॅटला टेकली की लगाम ओढतो. आधी संगणक रिकामा बसलेला असेल, सरासरी १० वॅटच्या आसपास असेल आणि भार एकदम २०० वॅटचा आला, तर गणिताने ही वेळ सुमारे ५२ सेकंदांची येते. भार २२९ वॅटचा असेल तर ती ४२ सेकंदांच्या आसपास येते. एक रेंडर संपवून लगेच दुसरा सुरू केला तर सरासरी आधीच वर असते आणि मोकळीक काही सेकंदांतच संपते. लहान चित्रे वेगात आणि मोठी चित्रे संथ, या तक्रारीचा उलगडा एवढ्यावरच होतो. नोंदीतली वेळ गणिताशी जुळली तेव्हा हे कारण पक्के मानले.

तरीही एक प्रश्न उरत होता, आणि मला तो सर्वांत जास्त शिकवणारा वाटतो. याच प्रोसेसरला हात न लावता १२५ वॅटच्या मर्यादेत चालवले, तर तो अशा भारात निदान ३.८ गिगाहर्ट्झचा मूळ वेग राखतो आणि सहसा त्याच्या वरच राहतो. मग ओव्हरक्लॉक केलेला तोच प्रोसेसर तितक्याच विजेत तीनवर का येतो? उत्तर व्होल्टेजच्या स्थिर सेटिंगमध्ये आहे. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. मूळ सेटिंगमध्ये वेग घटला की व्होल्टेजही आपोआप घटते, त्यामुळे थोडा वेग सोडून पुष्कळ वीज वाचते. स्थिर व्होल्टेजमध्ये मात्र वेग घटला तरी व्होल्टेज खिळल्यासारखे तिथेच राहते, आणि वीज वाचवायला वेगाखेरीज काही उरत नाही. २०० वॅटवरून १२५ वर यायचे तर वेगही त्याच प्रमाणात कापावा लागतो, आणि ४.८ ला ते प्रमाण लावले की बरोबर ३.० येतात. इंटेलने १२५ वॅटमध्ये ३.८ गिगाहर्ट्झचा जो हिशेब दिलेला आहे, तो इंटेलच्या व्होल्टेजसाठी आहे; आपण व्होल्टेज बदलले की तो हिशेब आपल्याला लागू राहत नाही. ओव्हरक्लॉक केलेला संगणक मूळ संगणकापेक्षा मंद का झाला, याचे संपूर्ण स्पष्टीकरण हेच आहे.

वीजमर्यादा मूळ आकड्यांवर का राहिली होती, हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. काही मदरबोर्ड मल्टिप्लायर हाताने बदलला की पीएल१ आपोआप उठवतात, काही उठवत नाहीत, आणि काही पहिल्यांदा चालू करताना कोणता कूलर बसवला आहे हे विचारून उत्तरावरून मर्यादा ठरवतात. इथे बायॉस अद्ययावत केल्यानंतर मर्यादा मूळ आकड्यांवर परत गेल्या होत्या आणि मल्टिप्लायर व व्होल्टेज मात्र पुन्हा हाताने भरले गेले होते. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्क्यांवर राहिली तर टर्बो मुळातच बंद होतो, तेही तपासून घेतले. ती सेटिंग बरोबर होती.

तिसरी घसरण

पीएल१ हा पीएल२ एवढाच केल्यावर आलेखाचे रूप पालटले. ५० सेकंदांची घसरण पूर्णपणे गेली, वेग ४.८ वर टिकला आणि कोअरचे तापमान ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान स्थिरावले. सकाळी एवढ्यावर समाधान मानून काम संपवता आले असते. दुपारी तीच चाचणी पुन्हा लावली तेव्हा काही मिनिटांनी वेग ४.८ वरून थेट ८०० मेगाहर्ट्झवर कोसळला, काही सेकंद तिथे राहिला, पुन्हा ४.८ वर गेला आणि पुन्हा कोसळला. आलेख करवतीच्या दातांसारखा दिसू लागला. माउसचा बाण अडखळणे म्हणजे हेच होते. पूर्वी हे मधूनमधून होत असे, कारण एक मिनिटाच्या आत पीएल१ चा लगाम बसून भार उतरत असे. आता भार उतरतच नव्हता, म्हणून ते सतत होऊ लागले.

८०० मेगाहर्ट्झ हा आकडा स्वतःच बोलका आहे. वीजमर्यादा प्रोसेसरला गरजेपुरते खाली आणते आणि तिथे धरून ठेवते. कोअरचे तापमान १०० अंशांना भिडले तरी तो एकेक पायरी उतरत काठावर तोल सांभाळतो. एकदम आठच्या मल्टिप्लायरवर, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर, तो बहुधा बाहेरून आदेश आला तरच जातो. प्रोसेसरला प्रोकहॉट नावाची एक पिन असते. आपण तापलो हे ती मदरबोर्डला सांगते, आणि तीच पिन उलट दिशेनेही चालते: मदरबोर्डवरच्या एखाद्या भागाने ती खाली ओढली की प्रोसेसर कोणतीही चौकशी न करता वेग टाकून देतो. मर्यादांच्या खिडकीत या क्षणी प्रोकहॉट लाल होते, कोअरच्या तापमानाची खूण मात्र पेटलेली नव्हती. म्हणजे हाक प्रोसेसरच्या आतून नव्हे, बाहेरून येत होती. मॉसफेटच्या संवेदकाचा आकडा या वेळी ११० अंशांच्या वर गेलेला होता.

व्हीआरएमचे काम एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायकडून, आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-दीड व्होल्टच्या टप्प्यात उतरवणे हे असते. भाराखाली १.३५ चे व्होल्टेज प्रत्यक्षात १.३० वर उतरत होते. १.३० व्होल्टवर २०० वॅट म्हणजे सुमारे १५४ अँपिअरचा प्रवाह, आणि तो सॉकेटच्या कडेला बसवलेल्या नखाएवढ्या मॉसफेटमधून जातो. वहनातली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. महाग मदरबोर्डवर हा प्रवाह अधिक फेजमध्ये, म्हणजे समांतर शाखांमध्ये, वाटला जातो आणि वर पंखांचे खरेखुरे हीटसिंक असतात. मध्यम किमतीच्या मदरबोर्डवर पुष्कळदा सजावटीची झाक असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, ज्याला हवा लागायला पृष्ठभागच कमी असतो. इंटेलने २०१७ मध्ये आणलेल्या एक्स२९९ मदरबोर्डांच्या बाबतीत नेमक्या याच प्रश्नावर मोठी चर्चा झाली होती: दहा कोअरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केल्यावर व्हीआरएमचे हीटसिंक अपुरे पडत होते.

आता लिक्विड कूलरचा धागा जुळला. जुन्या टॉवर कूलरचा पंखा प्रोसेसरबरोबर सॉकेटच्या भोवतीही वारा घालत असे आणि व्हीआरएमच्या हीटसिंकला त्याचा आयता लाभ मिळत असे. लिक्विड कूलरने तो वारा उचलून कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या रेडिएटरवर नेला. प्रोसेसर पूर्वीपेक्षा थंड झाला, पण सॉकेटभोवती हवा निश्चल झाली, आणि रेडिएटरमधून आत येणारी हवा प्रोसेसरची उष्णता घेऊनच आत येत होती. खोलीत डेझर्ट कूलर चालू असला तरी टेबलाखालच्या बंद खणात ठेवलेल्या कॅबिनेटपर्यंत त्याची हवा फारशी पोहोचत नव्हती.

निदान पक्के करायला एकच प्रयोग पुरेसा होता. कॅबिनेटचे झाकण उघडले, १२० मिलिमीटरचा एक सुटा पंखा थेट व्हीआरएमच्या हीटसिंकवर धरला आणि बाकी काहीही न बदलता तीच चाचणी लावली. झाकण उघडण्याचा परिणाम वेगळा कळावा म्हणून आधी एक फेरी नुसते झाकण काढून, पंखा न लावता घेतली. तीत करवतीचे दात उशिरा आले, पण आले. पंखा लावल्यावर ते आलेच नाहीत. पंखा बंद केल्यावर थोड्याच वेळात परत आले. कारण असे चालू-बंद करून दाखवता आले म्हणजे निदानाला तर्काचा आधार लागत नाही.

मदरबोर्डवर मॉसफेटचा संवेदक नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान पाहण्याची पद्धत आहे, पण चकचकीत धातूवर तो फार कमी आकडा दाखवतो. हीटसिंकवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला तर आकडा बराच विश्वासार्ह येतो. तरीही तो हीटसिंकचा असतो, आतला मॉसफेट त्याहून गरम असतो.

जो उपाय केला नाही

थ्रॉटलस्टॉपमध्ये बाहेरून येणारा प्रोकहॉटचा आदेश मानायचा की नाही, यासाठी एक चौकट आहे. तिची खूण काढली की ८०० मेगाहर्ट्झची कोसळण तत्काळ थांबते, आणि हा उपाय सर्रास सुचवलाही जातो. मालकांनीही त्याविषयी विचारले. काही लॅपटॉपमध्ये संवेदकच बिघडलेला असतो आणि खोटा आदेश येत राहतो. तिथे कारणाची खात्री करून हा उपाय करता येतो. इथे आदेश खरा होता. ११० अंशांच्या वर गेलेला मॉसफेट मदत मागत असताना ती हाक बंद करणे म्हणजे बिघाड काही आठवड्यांनी पुढे ढकलून तो दुरुस्तीपलीकडे नेणे होय, कारण जळालेला मॉसफेट १२ व्होल्ट थेट प्रोसेसरवर सोडू शकतो. या बाबतीत मी तडजोड करणार नाही.

वीजमर्यादा कमाल आकड्यावर नेऊन मोकळे होणे हाही असाच सोयीचा मार्ग आहे. मदरबोर्ड कंपन्यांनी तो वर्षानुवर्षे परस्पर वापरला. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या अस्थिरतेनंतर २०२४ मध्ये इंटेलने मूळ मर्यादांवर परत येण्याचा आग्रह धरला आणि वाढीव व्होल्टेजला आवर घालणारे मायक्रोकोड काढले. तो प्रश्न निराळ्या पिढीचा होता, तरी मर्यादा अमर्याद ठेवण्याची सवय किती महागात पडू शकते हे त्यातून दिसले.

दुरुस्ती

आधी व्होल्टेज हाती घेतले. १.३५ हा आकडा दुसऱ्या कोणाच्या प्रोसेसरसाठी योग्य असेल. एकाच मॉडेलच्या दोन चिपांना एकाच वेगासाठी वेगवेगळे व्होल्टेज लागते. स्थिर पद्धत सोडून अनुकूली पद्धत लावली, म्हणजे वेग घटल्यावर व्होल्टेजही घटेल, आणि मग ४.८ गिगाहर्ट्झसाठी व्होल्टेज दहा-दहा मिलिव्होल्टने उतरवत नेले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या दुरुस्त केलेल्या हार्डवेअर त्रुटी दिसू लागल्या तिथे थांबून दोन पायऱ्या वर आलो. संगणक बंद पडेपर्यंत थांबण्यापेक्षा या नोंदी पाहणे शहाणपणाचे, कारण त्या बंद पडण्याच्या बऱ्याच आधी येतात. भाराखाली उतरणाऱ्या व्होल्टेजची भरपाई करणारे लोड लाइन कॅलिब्रेशन मधल्या पातळीवर ठेवले. काही कंपन्यांच्या बायॉसमध्ये मोठा आकडा म्हणजे अधिक भरपाई आणि काहींमध्ये उलट असते, म्हणून भाराखालचे व्होल्टेज प्रत्यक्ष मोजल्याशिवाय या सेटिंगवर विसंबू नये.

भाराखालचे व्होल्टेज १.३० वरून १.२२ वर आले. वर्गाच्या नियमाने २०० वॅटचे सुमारे १७६ वॅट व्हायला हवेत, आणि नोंदीत तसेच आढळले. वेगात एक मेगाहर्ट्झचीही घट नाही. व्हीआरएमच्या बाजूने मात्र हा लाभ वाटतो तेवढा मोठा नाही. १.२२ व्होल्टवर १७६ वॅट म्हणजे १४४ अँपिअर, आधीचे १५४. वहनातली हानी साधारण आठव्या हिश्श्याने कमी झाली. दुपारच्या नागपूरसाठी तेवढे पुरे नव्हते, म्हणून हवेची व्यवस्था बदलणे टाळता येणार नव्हते.

रेडिएटर कॅबिनेटच्या पुढून काढून वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकेल असा बसवला. त्यामुळे आत येणारी हवा आता ताजी आणि बाहेर जाणारी हवा व्हीआरएमच्या हीटसिंकवरून जाते. याची किंमत आहे: ग्राफिक्स कार्डाची उष्णता वर चढून रेडिएटरला मिळते आणि प्रोसेसर दोन-चार अंश अधिक गरम होतो. या कार्यालयात रेंडर करताना ग्राफिक्स कार्ड जवळपास रिकामे असते, म्हणून ती किंमत परवडणारी होती. दोन्हींवर एकाच वेळी भार देणाऱ्या कामासाठी मी वेगळा निर्णय घेतला असता. सॉकेटजवळ एक छोटा पंखा कायमचा बसवला आणि त्याचा वेग प्रोसेसरच्या नव्हे, तर मॉसफेटच्या संवेदकाशी जोडला. ही सोय अनेक बायॉसमध्ये असते, पण क्वचितच वापरली जाते. कॅबिनेट बंद खणातून बाहेर काढले.

शेवटी मर्यादा पुन्हा घातल्या, यंत्राच्या प्रत्यक्ष गरजेला मोजून. पीएल१ १८० वॅट, पीएल२ २०० वॅट, टाऊ मूळचाच. नेहमीचा रेंडर १७६ वॅटमध्ये बसतो, त्यामुळे त्याला लगाम लागत नाही. प्राइम९५ सारखा अतिरेकी भार आला तर वीजमर्यादा आधी आड येते आणि व्हीआरएमला हाक मारण्याची वेळ येत नाही. आता व्होल्टेज अनुकूली असल्यामुळे लगाम बसला तरी वेग तीनपर्यंत कोसळत नाही. एव्हीएक्स ऑफसेट शून्य करून मल्टिप्लायर चालू कोअरच्या संख्येनुसार लावला: सर्व कोअर कामात असताना ४८, एक-दोनच असताना मूळचे ५१ आणि ५०. सर्व कोअर एका आकड्याला बांधल्याने एकट्या कोअरवर चालणारे मॉडेलिंगचे काम उगाच मंदावत होते, तेही यामुळे सुटले.

एएमडीचा प्रोसेसर असता तर नावे बदलली असती, रीत हीच राहिली असती. एएम४ सॉकेटच्या १०५ वॅटच्या रायझन प्रोसेसरना एकूण विजेची १४२ वॅट, दीर्घ प्रवाहाची ९५ अँपिअर आणि क्षणिक प्रवाहाची १४० अँपिअर अशा तीन मर्यादा असतात, आणि एएमडीच्याच रायझन मास्टर या प्रोग्रॅममध्ये त्यांतली कोणती शंभर टक्क्यांना टेकली हे दिसते.

दुपारच्या चाचणीत आता मॉसफेट ९० अंशांच्या आत राहतो आणि दहा मिनिटांच्या नोंदीत ४.८ ची रेषा सलग दिसते. बायॉसमध्ये दोन प्रोफाइल जतन करून ठेवले आहेत. एप्रिल ते पावसाला सुरुवात होईपर्यंत पीएल१ १६० वॅटचे प्रोफाइल लावायचे, ज्यात मोठे चित्र थोडे उशिरा होते पण खोली कितीही तापली तरी मॉसफेटला फुरसत राहते. उरलेल्या वर्षात १८० वॅटचे. प्रोफाइल बदलताना रेडिएटरच्या जाळीतली धूळ झटकायची, आणि बायॉस केव्हाही अद्ययावत केला तर पीएल१, पीएल२ व व्होल्टेजची पद्धत हे तीन आकडे लगेच पडताळायचे, एवढे कार्यालयातल्या संगणकाजवळ लिहून लावले आहे.